वहिवाट नसलेला पूल

"गमतीजमती लिहा," असं संपादकबाई फोनवर म्हणाल्या. "तुम्ही दोन सरकारांच्या मधे बसून भाषांतर करत होतात ना? किती गमती झाल्या असतील!"

झाल्या. पुष्कळ झाल्या. त्यातली शेवटची गंमत अशी, की एक बाई पाण्यात गेली. हे ऐकल्यावर संपादकबाई जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "मग तसं लिहा. पण अंक दिवाळीचा आहे हो." दिवाळी आहे हे मलाही ठाऊक आहे. बिबवेवाडीत माझ्या खिडकीशी आठवडाभर आधीपासून लवंगी माळा वाजतात, दुपारची झोप मिळत नाही.

तर मी दुभाषी. मराठी आणि कन्नड. माहेर सोलापूरचं, आमच्या घरात भाजीला मराठीत फोडणी पडायची आणि कन्नडात नावं ठेवली जायची. कोणती भाषा आधी शिकले ते आईलाही सांगता येत नसे. पुढे लग्न होऊन पुण्यात आले, परीक्षा दिली, सरकारी भाषांतरकार झाले. पहिली काही वर्षं जमिनींचे जुने कागद, कोर्टातल्या साक्षी, हेच काम. मग आपलं राज्य आणि शेजारचं राज्य यांच्यातल्या एका गावाचा वाद बोलणी करून मिटवायचं ठरलं, आणि मला तिथं नेऊन बसवलं. तिथून निवृत्तीपर्यंत मी त्याच गावाला जुंपलेली होते.

गावाचं नाव आमच्या कागदांत जांभूळओढा, त्यांच्या कागदांत नेरळेहळ्ळ. अर्थ एकच, जांभळीचा ओढा. गाव ओढ्याच्या अलीकडे, वळणात बसलेलं. पलीकडच्या काठाबद्दल वाद नव्हता, तो त्यांचा. तिथं डांबरी रस्ता, दवाखाना, दूध डेअरी. गावाच्या मागे डोंगर, त्यावरून एक वाईट रस्ता आमच्या तालुक्याला येतो, तोही उन्हाळ्यात. मधलं हे गाव आमचं की त्यांचं, एवढाच प्रश्न. शाळेच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की राज्यं काही सार्वभौम नसतात, देश सार्वभौम असतो. लिहिणाऱ्यानं आमची एखादी बैठक पाहायला हवी होती. दोन्हीकडचे साहेब असे बसत, की आता उठले तर तोफाच आणायला उठतील.

आमचं काम नेमकं काय, ते सांगते, कारण लोकांना वाटतं दुभाषी म्हणजे बोलणारा शब्दकोश. समोरचा "मी" म्हणाला की आम्हीही "मी"च म्हणायचं. तो रागावला तर आपणही रागवायचं, त्याच्याइतकंच, वर चिमूटभर नाही आणि कमी तर अजिबात नाही. एकदा आमच्या साहेबांनी टेबलावर हात आपटून विचारलं, "आम्ही काय हातात बांगड्या भरल्यात?" आता हे वाक्य पलीकडे पोचवायचं कोणी? मी. दोन्ही हातांत बांगड्या घालून. मी हात टेबलाखाली घेतले आणि जसंच्या तसं सांगितलं. पलीकडच्यांना कळायला क्षणही लागला नाही, कारण हा वाक्प्रचार कन्नडात शब्दशः तसाच आहे. त्या दिवशी घरी येताना मी पहिल्यांदा मोजदाद केली. एकमेकांना टोचायचे, हिणवायचे, धमकवायचे वाक्प्रचार दोन्ही भाषांत जुळ्या बहिणींसारखे निघाले. समजूत काढायचे मात्र शोधावे लागत.

पलीकडून माझ्यासारखेच हिरेमठ सर असत. उंच, सडपातळ, खिशात कायम लवंगा. ते मला "अक्कावरे" म्हणत, म्हणजे ताईसाहेब. गंमत म्हणजे ते माझ्याशी मराठीत बोलत आणि मी त्यांच्याशी कन्नडात. आपल्या भाषेत बोललं तर आपल्या बाजूचा वास येतो, असं त्यांचं म्हणणं. त्या खोलीत सगळं बोलणं पूर्ण कळणारी माणसं दोनच, आणि दोघांनाही मत नाही. आम्ही भिंतीला लागून शेजारी शेजारी बसायचो.

बोलणी एकदा पुण्यात, एकदा त्यांच्याकडे. पुण्यात आली की सरकारी विश्रामगृहात. भिंतीवर नकाशा लावायचा नाही हे पहिल्याच बैठकीत ठरलं, कारण त्यांच्या नकाशात गाव त्यांच्या रंगात, आमच्यात आमच्या. नकाशाचा खिळा मात्र राहिला आणि सगळे त्या खिळ्याकडे बघून बोलत. चहा की कॉफी यावर एक सकाळ गेली. शेवटी दोन्ही ठेवलं, तर आमच्याकडच्या एका उपसचिवानं मुकाट्यानं कॉफी घेतली म्हणून त्याला नंतर झापला. अहो, खरंच झापला. मी तिथं होते.

पण या धंद्यातलं खरं विघ्न म्हणजे अर्धवट कळणारा माणूस. ज्याला काहीच कळत नाही तो आमच्या तोंडाकडे बघतो. ज्याला अर्धं कळतं तो आम्ही तोंड उघडायच्या आत भडकतो. एकदा आमच्या बाजूनं कोणी म्हणालं, "ओढ्यानं पात्र बदललं असावं, असं आमचं अनुमान आहे." त्याबरोबर पलीकडचे एक अधिकारी खुर्ची मागे सारून ताडकन उभे. कारण कन्नडात अनुमान म्हणजे संशय. "आमच्यावर संशय घेता?" हिरेमठ सरांनी त्यांना खाली बसवलं, मी इकडे "अंदाज, अंदाज" करत सुटले. संस्कृतनं दोन्ही घरांत भांडी तीच दिली, पण एका घरी ज्यात दूध तापवतात त्यात दुसऱ्या घरी रॉकेल असतं. हे आम्हाला दोघांना माहीत होतं. बाकीच्यांना एकसारखी भांडी दिसली की गहिवरून येई.

सीमेचा वाद काही आम्ही सोडवणार नव्हतो. तो सोडवायला कोणी आलंच नव्हतं. पण एक गोष्ट होण्यासारखी होती, ती म्हणजे पूल. पावसाळ्यात ओढा भरला की गाव तुटे. पूल कोणी बांधायचा? त्यांनी बांधला तर गाव त्यांचं झालं असं आम्हाला वाटणार. आम्ही बांधला तर त्यांच्या काठावर आमचा खांब. म्हणून कोणीच बांधत नव्हतं आणि दुसऱ्याला बांधू देत नव्हतं. हौदाशी बसलेला कुत्रा स्वतः पाणी पीत नाही आणि घोड्यालाही पिऊ देत नाही, तसं. इथं दोन कुत्री होती.

गावकऱ्यांचं म्हणणं ऐकायचं ठरलं आणि पुण्याच्या बैठकीला गंगव्वा आली.

माझ्याच वयाची असेल. ठेंगणी, सावळी, हिरवं इरकल नेसलेली, आणि गुडघा दुखत असल्यानं एका बाजूला कलून चालणारी. तिच्या घरी म्हशी. दूध काढून पलीकडच्या डेअरीला घालायचं हा तिचा धंदा. एकुलती एक लेक, कस्तुरी, तिनं पलीकडच्याच काठावर दिलेली, नुकतीच. आणायला मीच स्वारगेटला गेले होते. रिक्षा उड्डाणपुलाशी थांबली तेव्हा ती मान वाकडी करून बघत राहिली.

"बाई, ह्यो पूल कशाचा?"

"गाड्यांचा."

"आन् पाणी?"

"पाणी नाही."

"आगं बया! पुलाखाली पाणी न्हाई, तरी पूल?"

पुढे रिक्षावाल्याशेजारी हिरेमठ सर बसले होते, तेही माझ्याबरोबर आलेले. वाहनांच्या आवाजात त्यांना शेवटचं अर्धंच ऐकू आलं. मागे वळून म्हणाले, "पूल खाली? कुठं खाली, भरून वाहतोय की!" कन्नडात खाली म्हणजे रिकामं. मी हसून समजावलं. गंगव्वाला दोन्ही कळत होतं, ती दोघांकडे बघून म्हणाली, "तुमी दोगं शिकल्याली माणसं, एका पुलावर येकमत न्हाई!" रिक्षावाल्यासकट सगळे हसलो. मीच सर्वांत जास्त हसले होते. ते हसू मला आता आठवू नये असं वाटतं.

बैठकीत तिला खुर्ची दिली. त्यांचे साहेब म्हणाले, "कोणत्या भाषेत बोलणार?" हा प्रश्न साधा नव्हता. ती मराठीत बोलली तर गाव मराठी, कन्नडात बोलली तर कन्नड, असं दोन्हीकडे लिहून घ्यायला माणसं टपलेली.

गंगव्वा म्हणाली, "कंच्या म्हंजे? तोंडानं बोलती की."

"तसं नाही. घरात कोणती भाषा बोलता?"

"कुणाशी?"

"म्हणजे?"

"मालकाशी भांडायचं तर मराठी. ते मराठीत लवकर गप होत्यात. म्हशीशी कन्नड. तिकडच्या बाजारात घेतलीया, तिला मराठी कळत न्हाई."

हे मी कन्नडात सांगितलं आणि पलीकडची सगळी बाजू हसली. हसू ओसरल्यावर ती बोलायला लागली. वाक्य मराठीत सुरू करी आणि कन्नडात संपवी. अर्धं मी उचलायची, अर्धं हिरेमठ सर. एका बाईच्या एका वाक्याला दोन दुभाषे लागत होते.

ती म्हणाली, "माझी लेक त्या काठाला हाय. सकाळी तिची चूल पेटली की धूर मला दिसतो. मी हाक मारली की ती वो देती. पर पावसाळ्यात तिला भेटायचं तर काहिलीत बसून जावं लागतं." काहील म्हणजे गुऱ्हाळात गूळ आटवायची ती मोठी लोखंडी कढई. ती ओढ्यात सोडायची, माणसं आत बसवायची आणि पोहणाऱ्यांनी ती ढकलत न्यायची. "गेल्या साली काहील कलंडली. म्हातारा व्हता येक, सापडला न्हाई. आता उद्या माझ्या लेकीला दिवस जातील. पयलं बाळंतपण आईच्या घरी करायचं, ही आमची रीत. ती माझ्याकडं येनार. आन् येळेला तिला दवाखान्यात न्यायचं तर मदी पानी. गाव कुनाचंबी करा. माझं काय म्हननं न्हाई. नमगं पूल बेक्री साहेब." आम्हाला पूल हवा, साहेब.

त्यांचे साहेब खिडकीबाहेर बघू लागले, आमच्या साहेबांनी चष्मा पुसला. मी तेव्हा वेडी, मला वाटलं, झालं! माणसाच्या बोलण्यानं माणसं हलली. हललीही होती, नाही कशाला म्हणू. त्याच दिवशी दुपारी दोन्ही बाजूंनी तत्त्वतः मान्य केलं: पूल दोघांनी मिळून बांधायचा, अर्धा अर्धा. गंगव्वानं जाताना मला लोण्याचा गोळा दिला, केळीच्या पानात बांधून. पुण्यात असलं लोणी मिळत नाही, पैसे टाकले तरी.

मग आला मसुदा. आणि मसुद्यात आला तो शब्द.

मराठी माणसाला वहिवाट हा शब्द सांगायला नको. एखाद्याच्या बांधावरून तुम्ही वर्षानुवर्षं जात-येत राहिलात आणि कोणी हटकलं नाही, की त्या वाटेवर तुमची वहिवाट होते. वापरता वापरता हक्क होतो. आमच्या बाजूला तीच भीती होती. उद्या त्यांची माणसं रोज पुलावरून येऊ-जाऊ लागली, तर ते म्हणतील, बघा, आमची वहिवाट आहे, गाव आमचं. त्यांनाही आमची तीच भीती. म्हणून आमच्या साहेबांनी स्वतः वाक्य घातलं: "या पुलावर कोणाचीही वहिवाट असणार नाही." म्हणजे, वापरा खुशाल, पण वापरलात म्हणून मालकी सांगू नका. वाक्य चांगलं होतं. साहेबांना भाषेचं अंग होतं, कविता करत.

कन्नडातही हा शब्द आहे, वहिवाटू. पण तिथं त्याचा रोजचा अर्थ व्यवहार, देवघेव, धंदा. त्यांच्या उत्तरेकडच्या जुन्या माणसांना आपला जमिनीचा अर्थही ठाऊक असतो, पण राजधानीकडे, दक्षिणेकडे कोणाला विचारा, तो म्हणेल, वहिवाटू म्हणजे व्यापार. म्हणजे तेच वाक्य कन्नडात काय झालं? या पुलावर कोणाचाही व्यवहार असणार नाही.

आम्ही दोघांनी एकदमच मान वर केली. हिरेमठ सर म्हणाले, "अक्कावरे, तुम्ही सांगता की मी?" मी सांगितलं. कन्नड प्रतीत वहिवाटू नको, सरळ "हक्कु" लिहा, हक्क, काम झालं.

आमचे साहेब हसले. "अहो बाई, इतक्या महिन्यांत दोन्ही भाषांत सारखा असा एक शब्द सापडला, आणि तुम्ही तोच मोडायला निघालात?"

"साहेब, शब्द एक आहे, पण दोन घरी दोन वेगळी कामं करतो."

"तुमचं पुस्तकी झालं हे."

हिरेमठ सर त्यांच्या साहेबांना कन्नडात तेच सांगत होते. त्यांच्या साहेबांची अडचण वेगळी. दोन प्रतींत दोन वेगळे शब्द दिसले, की उद्या विधानसभेत कोणी उठून विचारणार, यात काय डाव आहे? एकच शब्द असला म्हणजे प्रश्न नाही. संदर्भानं अर्थ कळतोच की! मग दोन्ही साहेबांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मान हलवली. इतक्या बैठकांत कुठल्याही गोष्टीवर त्यांचं इतक्या चटकन एकमत झालेलं मी पाहिलं नव्हतं. आमचे साहेब उठून म्हणाले, "दोन्हीकडे एकच शब्द ठेवा." टाळ्या पडल्या. टाळ्या, बरं का!

आम्ही पुन्हा लेखी दिलं, दोघांनी, वेगवेगळं. माझ्या टिपणावर शेरा आला, "पाहिले." सरकारी नोकरी केलेल्यांना या शेऱ्याचा अर्थ सांगायला नको.

पूल झाला. व्हायला वेळ लागला, पण झाला. मी तोवर निवृत्तीला आले होते. उद्‌घाटनाला आम्हाला बोलावणं नव्हतं, पण गंगव्वानं कोणाकडून तरी फोन लावून घेतला. "बाई, पूल झाला! म्या पयल्या दिशी चालत गेले लेकीकडं, दुधाची बुधली डोक्यावर घिऊन. खाली वाकून पाण्याला म्हनलं, आता बस बोंबलत!" मी त्या दिवशी घरात शिरा केला होता.

सुरुवातीला सगळं ठीक चाललं. मग त्यांच्या बाजूला नवीन अधिकारी बदलून आला, दक्षिणेकडचा, तरुण, सचोटीचा. बदमाश असता तर बरं झालं असतं, बदमाश माणूस कागद वाचत नाही. यानं करार वाचला. कन्नड प्रत. पुलावर व्यवहार असणार नाही. आणि इथं तर रोज सकाळी बायका दुधाच्या बुधल्या घेऊन डेअरीला चालल्या आहेत, भाजीची टोपली चालली आहे. त्यानं आपल्या टोकाला पाटी लावली आणि माणूस उभा केला. रिकाम्या हातानं जा, माल घेऊन जायचं नाही.

ही बातमी आमच्याकडे पोचली तेव्हा आमच्या लोकांनी मराठी प्रत काढली. त्यांनी पुलावर माणूस उभा केला, लोकांना अडवलं, म्हणजे काय? ताबा दाखवला. म्हणजे वहिवाट! मग आमच्या टोकाला आमचं उंच लोखंडी फाटक, वर काटेरी तार. ते पाहून त्यांच्या टोकाला त्यांचं. संयुक्त चौकशी होईपर्यंत पूल बंद. आमच्या फाटकाची किल्ली आमच्या तालुक्याला, त्यांची त्यांच्याकडे. पूल उघडायचा तर दोन्ही किल्ल्यावाले एका वेळी हजर हवेत.

दोन्ही बाजू कराराप्रमाणेच वागत होत्या, हे लक्षात घ्या. कोणी शब्द मोडला नाही.

हे सगळं मला हिरेमठ सरांकडून कळे. तेही निवृत्त झालेले. आम्ही दोघांनी आपापल्या जुन्या कार्यालयांना कळवलं, शब्दाचा घोळ आहे, दुरुस्ती करा. मी तर इथल्या कार्यालयात दोनदा जाऊन आले. एका तरुण साहेबानं मला पाणी विचारलं, खुर्ची दिली, आणि म्हणाला, "मॅडम, करार रीओपन केला ना, तर सगळंच रीओपन होईल. त्यांना तेच हवंय." मी म्हटलं, "त्यांच्याकडचा साहेब हिरेमठांना हेच म्हणाला." तर तो म्हणाला, "बघा!"

आणि मागच्या पावसाळ्यात कस्तुरी पहिल्या बाळंतपणाला आईकडे आली. रीतच आहे ती. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी दिवस राहिले होते, गंगव्वा नवस बोलली होती म्हणे. आली तेव्हा ओढ्याला पाणी बेताचं होतं. मग डोंगराकडे झड लागली.

पुढचं मला कस्तुरीनं सांगितलं तसं सांगते. सकाळी कळा सुरू झाल्या आणि दाईनं हात टेकले, दवाखान्यात न्या म्हणाली. डोंगराचा रस्ता वाहून गेलेला. समोर पूल, कोरडा, भक्कम, दोन्ही टोकांना कुलूप. फोन केले. आमचा किल्लीवाला म्हणाला, निघतो, पण वरून लेखी हवं. त्यांचा म्हणाला, ते आले की मी येतो. मी कस्तुरीला म्हटलं, "अगं, कुलूप तोडायचं!" ती म्हणाली, "तोडलं होतं बाई, उन्हाळ्यात. गावातल्या पोरांवर दोन्हीकडनं केसी पडल्या. अजून तारखांना जातात. आता पुढं व्हायला कोण धजत नव्हतं."

तेव्हा गंगव्वानं गुऱ्हाळातली काहील बाहेर काढायला लावली.

पुलापाशीच ओढा सगळ्यांत अरुंद, म्हणून तर पूल तिथं बांधला. काहील तिथंच सोडली, पुलाच्या सावलीत. पहिल्या खेपेला कस्तुरी आणि दाई. चार जण पोहत ढकलत घेऊन गेले, पोचवली. दवाखान्यात मुलगी झाली, दोघी सुखरूप. दुसऱ्या खेपेला गंगव्वा बसली, मांडीवर बाळंतिणीच्या कपड्यांचं गाठोडं घेऊन. मधे पाण्याचा लोंढा आला. काहील खांबावर आदळून कलंडली. माणसं पोहणारी होती, वाचली. गंगव्वाला पोहता येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी खूप पुढे सापडली.

हे ऐकल्यावर मला रडू नाही आलं, संताप आला. अजून येतो. मला टाळ्या ऐकू येतात.

कस्तुरीनं फोन केला होता तो रडायला नव्हे. तिला काम होतं. मृत्यूचा दाखला मिळत नव्हता. आमच्याकडचे म्हणत, बाई पाण्यात गेली, पाणी त्यांच्या हद्दीत वाहतं, त्यांच्याकडे जा. त्यांच्याकडचे म्हणत, बाई त्या गावची, गाव तुम्ही आपलं म्हणता ना, मग तुम्हीच द्या. इतकी वर्षं जे गाव दोघांनाही हवं होतं, त्या गावातली एक मेलेली बाई कोणालाच नको होती.

"बाई," कस्तुरी म्हणाली, "दोन्हीकडं अर्ज द्यायचाय, दोन्ही भाषेत. मजकूर सारखा पायजे म्हणतात, एका शब्दाचा फरक नको. तुमी लिहून द्याल? आई म्हणायची, तुमी आन् ते सर मिळून लिवता."

मागून बाळ रडत होतं. मी हो म्हटलं आणि हिरेमठ सरांना फोन लावला. आमचं ते शेवटचं काम. मी मराठी सांगत गेले, ते तिकडे कन्नड लिहीत गेले. नाव. वय. गावाचं नाव, दोन्ही. कारण, बुडून. मग रकाना आला, मृत्यूचं ठिकाण. ओढ्याचं नाव घालावं तर हद्दीचा प्रश्न, गावाचं घालावं तर तोच प्रश्न. ठिकाण म्हणून एकच जागा अशी होती, जी दोघांनी मिळून बांधली होती.

मी सांगितलं, "लिहा. पुलाखाली."

पलीकडून लवंग चावल्याचा आवाज आला.

मग हिरेमठ सर म्हणाले, "अक्कावरे, खरं तर 'केळगे' लिहायला हवं. खाली म्हणजे केळगे. पण हात थांबला. आमच्या भाषेत तुमचाच शब्द लिहिला, तर वाचणारा वाचेल, पूल खाली. पूल रिकामा होता."

असा कागद परत येणार, हे दोघांनाही माहीत होतं. पण बरोबर शब्दांचे कागदही परत येताना आम्ही आयुष्यभर पाहिले होते. लागेल तितक्या वेळा पुन्हा लिहून देऊ.

"राहू द्या," मी म्हटलं. "दोन्हीकडे एकच शब्द ठेवा."